बाकी सगळं नेहमीचं

आमचे डॉक्टर काय बोलतात ते फक्त देवाला आणि मला कळत असे. त्यात देवाला टायपिंग येत नव्हतं, म्हणून वर्ध्याच्या त्या इस्पितळाचा कारभार बरीच वर्षं माझ्या भरवशावर चालला. बढाईचं वाक्य पहिल्याच दमात उरकून घेतलं, कारण पुढे त्याला फारशी जागा मिळणार नाही.

माझं काम काय ते माझ्या आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं आमच्या वस्तीत सांगून ठेवलं होतं की वत्सला मोठ्या दवाखान्यात डाक्टरले शिकवते. खरं काम असं होतं: डॉक्टर रोगी तपासतो, कापतो, शिवतो, पण लिहायचं म्हटलं की त्याच्या हाताला वात होतो. मग तो बोलतो, मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेते आणि मशीनवर इंग्रजीत टाइप करते. ऑपरेशनचा अहवाल, एक्स-रेचा अहवाल, घरी जाताना मिळणारा कागद, सगळं माझ्या बोटांतून जायचं. प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात खाली डॉक्टरच्या नावाची मोठी अक्षरं, मग तिरपी रेघ, मग टाइप करणाऱ्याची बारकी अक्षरं. त्या बारक्या अक्षरांत मी. सही डॉक्टरची. माझी सही फक्त पगाराच्या रजिस्टरात.

मशीन लोखंडी, पाळण्याएवढं जड. एका कागदाखाली दोन कार्बन. पहिली प्रत वाचता येई, दुसरी ओळखता येई, तिसरीवर श्रद्धा ठेवावी लागे. वर्ध्याचा उन्हाळा परक्यांना सांगून पटत नाही. पंखा लावला तर कागद उडत, बंद केला तर मी उडायच्या बेतात. घामानं कार्बन पाघळायचा आणि तो हात कपाळाला लागला की मी दिवसभर निळं कुंकू लावल्यासारखी फिरायची.

डॉक्टर एकेक नग होते. मोठे सर्जन तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बोलायचे. पोट उघडलं इथपर्यंत सुरळीत चाले, मग खर्ऱ्याला पाणी सुटायचं आणि पोट बंद होईपर्यंत नुसते हुंकार. हुंकारांवरून कुठला टाका कुठे पडला हे मला समजू लागलं होतं. मधेच ते काटोलकडच्या आपल्या संत्र्याच्या बागेबद्दल बोलू लागत. एकदा एका रोग्याच्या अहवालात यंदा आंबिया बहार चांगला धरलाय हे वाक्य मी टाइप केलं, मुद्दाम. त्यांनी न वाचता सही केली. ते वाचत नाहीत हे मला त्या दिवशी समजलं. तेव्हा मला फार हसू आलं होतं. सही करणारा वाचत नाही, ही गोष्ट हसण्यासारखी नाही हे समजायला मला आणखी काही वर्षं लागली.

गिऱ्हाइकंही तशीच. एका जुन्या मालगुजार घराण्यातले आजोबा मूळव्याधीचं ऑपरेशन करून निघाले होते. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, कागदावर हृदयाचं काई लिहून द्या. आमच्या घराण्यात आजवर कोनाले तिथं काई झालं नाई." मी म्हटलं, आजोबा, हृदयाचं लिहिलं तर गावचा डॉक्टर हृदयाच्या गोळ्या देईल. ते विचारात पडले. मग मी मूळव्याधीच्या ऑपरेशनचं इंग्रजी नाव त्यांना मशीनवर टाइप करून दाखवलं. लांबलचक, अर्धी ओळ खाणारं. ते पाहून आजोबांची छाती फुगली. हे चालते, म्हणाले. पुढे त्यांच्या गावचा माणूस सांगत आला की बैठकीत आल्यागेल्याला आजोबा तो कागद दाखवतात.

आता एक्स-रेचं सांगते. सगळं तिथूनच सुरू झालं.

एक्स-रे वाचणारे डॉक्टर नागपूरहून पॅसेंजरनं येत आणि दुपारच्या गाडीनं परत जात. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. बाबाराव नावाचा डार्करूमचा माणूस ओल्या फिल्म चिमट्यांना टांगून वाळवायचा आणि गठ्ठा करून आणायचा. डॉक्टर एकेक फिल्म उजेडावर धरत. जिच्यात काही दिसे ती बाजूला काढून तिच्यावर दोन-चार वाक्यं बोलत. उरलेल्या गठ्ठ्यावर थाप मारून म्हणत, "बाकी सगळं नेहमीचं." नेहमीचं म्हणजे छाती स्वच्छ, हृदय मापात, दोष नाही. ती तीन वाक्यं हजारदा टाइप करण्यापेक्षा मी रिकाम्या वेळात कोऱ्या कागदांवर आधीच टाइप करून ठेवी, नावाची जागा मोकळी सोडून. मी त्याला तयार माल म्हणायची. डॉक्टरांना गाडी गाठायची असे, म्हणून ते तयार मालावर सकाळीच सह्या करून ठेवत. म्हणजे रोगी अजून बसस्टँडवर उतरायचा असे आणि त्याची छाती इकडे स्वच्छ झालेली असे.

हसा. आम्हीही हसायचो. रोज पाहणाऱ्याला त्यात वावगं दिसत नव्हतं, कारण दोष असलेली फिल्म बाजूला निघतच होती. फक्त एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नाही. जी फिल्म गठ्ठ्यात पोचलीच नाही, तीसुद्धा आमच्या हिशोबात "बाकी"तच पडत होती.

तळेगावची गिरजाबाई आपल्या मुलाला, दिवाकरला, घेऊन आली. खाऊनपिऊन सुखी शेतकरी घर. पोरगा वाळका, खोकत होता. गिरजाबाई बोलघेवडी. टेबलाशी टेकून तिनं मला सगळं सांगितलं. पोराचं लग्न नाचणगावच्या मुलीशी ठरत आलं होतं, पण तो खोकतो हे मुलीकडच्यांच्या कानावर गेलं, म्हणून त्यांनी छातीचा फोटो मागितला. "पोरीवाले आता फोटोवर सोयरीक करून राह्यले बाई. उद्या मुताची बाटली मागतीन," ती म्हणाली. मला ती आवडली.

फोटो काढून झाला. डॉक्टरांनी दोष असलेल्या फिल्म बाजूला काढल्या, बाकीवर थाप मारली आणि स्टेशनला गेले. त्या दोषवाल्यांत दिवाकरचं नाव नव्हतं. नियमानं मी नाव आणि फिल्मचा नंबर ताडून पाहायला हवा होता. गिरजाबाई दारात उभी होती, आर्वीकडून जाणारी शेवटची गाडी सुटायला आली होती आणि दर मिनिटाला ती मला गाडीची आठवण करून देत होती. मी तयार मालातला एक कागद ओढला, नाव घातलं, दिला. तिनं तो डोक्याला लावला आणि पदरात बांधून पळाली.

चार-सहा दिवसांनी बाबारावनं वाळवायचं कपाट सरकवलं तेव्हा मागे एक फिल्म सापडली. ओली असताना चिमट्यातून निसटून तिथे चिकटली होती. दिवाकरची. डॉक्टरांनी उजेडावर धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. उजव्या बाजूला वर डाग होता. क्षयाचा. त्यांनी अहवाल सांगितला, मी टाइप केला, सही झाली. मी विचारलं, आधी दिलेल्या कागदाचं काय? तळेगावला कार्ड टाकू? त्यांनी गळ्यातला टाय सैल केला आणि म्हणाले, "पाहू."

ज्यांनी कधी ऑफिसात काम केलं नाही त्यांना "पाहू"चा अर्थ माहीत नसतो. "नको" म्हणणारा माणूस उद्या अडकतो. "पाहू" म्हणणारा अडकत नाही आणि ऐकणाऱ्याला पाहिजे तो अर्थ घेता येतो. मी मला पाहिजे तो घेतला. कार्ड टाकणं म्हणजे सही केलेला आमचा कागद खोटा होता असं आमच्याच हातानं लिहून देणं. डॉक्टरची बदली झाली असती. माझी नोकरी गेली असती, आणि आमच्या वस्तीत शाईचं काम करणारी मी पहिली बाई होते. कारण मोठं होतं. पण कारण मोठं असलं म्हणजे ते पुरतं असं नाही.

पुढच्याच आठवड्यात गिरजाबाई पेढे घेऊन आली. लग्न पक्कं झालं होतं. "तुमच्या कागदानं जुडलं बाई," म्हणाली, आणि पेढा माझ्या हातावर न ठेवता सरळ तोंडात कोंबला. तोंडात पेढा होता म्हणून मला बोलता आलं नाही, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आले. पेढा असा किती मोठा असतो? विरघळल्यावरही ती बराच वेळ बसली होती. मांडव, आहेर, वरातीचा ट्रॅक्टर, सगळं तिनं सांगितलं. मी पाणी प्यायले. मग मी चांगलं झालं म्हणाले.

साधारण वर्षानं दिवाकर आमच्याच इस्पितळात भरती झाला. रक्त पडत होतं. गिरजाबाईनं आमचा तो कागद घडी घालून प्लास्टिकमध्ये जपून आणला होता, आणि खाटेशी येईल त्याला दाखवत होती: "हे पाहा, लग्नाआधी पोरगं साफ होतं. हे पांढऱ्या पायाची आली आन् बिमारी घेऊन आली." तिच्या मागे भिंतीला टेकून जी सून उभी होती ती कांता.

नवीन आलेल्या तरुण डॉक्टरनं नातेवाईक सांगतील तसा रोगाचा पूर्वेतिहास मला सांगितला. लग्नापर्यंत प्रकृती उत्तम. रोग कुणाकडून लागला असावा, या ओळीत तो म्हणाला, बायको. मी टाइप केलं. बायको. माझ्या बोटांनी, तीन प्रतींत. त्याच आठवड्यात कांताच्या छातीचाही फोटो निघाला. स्वच्छ होता, तयार मालातला नव्हे, खरोखर पाहिलेला. तोही मीच टाइप केला. तो कागद कुणी मागायला आलं नाही.

इंजेक्शनं आणि गोळ्यांनी दिवाकर बरा झाला. तोपर्यंत कांताला नाचणगावला धाडून दिलं होतं. आणि काही महिन्यांनी ती आमच्याकडेच वॉर्डात आया म्हणून लागली. नाचणगाव पुलगावला लागूनच, तिथून रोज गाडीनं यायची. देवाला टायपिंग येत नाही, पण त्याचा विनोद फार जहाल.

आमच्याकडे आयांचा चहा एकत्र व्हायचा. कांताची कपबशी वेगळी. पिचलेल्या कानाचा कप, खिडकीत ठेवलेला. तिच्या रोगाची गोष्ट तिच्या आधी इस्पितळात पोचली होती. दवाखान्यात काम करणाऱ्या बायका, छातीचा अहवाल स्वच्छ आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी कप वेगळा. ती चहा प्यायची, नळावर कप धुवायची, पालथा करून खिडकीत ठेवायची. वेगळ्या कपाचं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या आजोबांचा कप चहाच्या दुकानाबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. आणि माझ्या टेबलावरून नळ सरळ दिसायचा. मी टेबल फिरवून घेतलं. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना सांगितलं, उजेड डोळ्यांवर येतो.

टेबल फिरवून वर्षं काढली. मी आधीच कमी बोलणारी, आणखी कमी बोलू लागले. मधल्या काळात कॅसेटवर बोलायचं मशीन आलं. डॉक्टर त्याच्यासमोर नवरदेवासारखे लाजत. मी कानाला भोंगे लावून बसे. त्यात एक सोय होती, नळाचा आवाजही बंद झाला.

एके दिवशी वीज गेली. मशीन बंद, कानातून भोंगे काढले, आणि कांता माझ्यासाठी चहा घेऊन उभी. आयांपैकी कुणी नव्हतं म्हणून ती आणून देत होती. कप माझ्यापुढे ठेवताना म्हणाली, "घ्या बाई. माह्या हातचा हाये, चालते ना?" टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मी चहा घेतला, अर्धा प्यायले आणि तिला सगळं सांगितलं. कपाट, फिल्म, तयार माल, पाहू, पेढा.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती जमिनीवर बसली आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

"म्हंजे बिमारी त्यायचीच होती."

हो, म्हटलं.

"मले वाटे खरंच माह्याच अंगातून गेली आसन. फोटोत दिसत नसन, आसं वाटे." मग तिनं वर पाहिलं. "मंग तवा काऊन नाई बोलल्या?"

मी नोकरीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आजतागायत म्हणालेली नाही. एवढंच म्हणाली, "चाला तळेगावले. हे माह्या सासूपुढं बोला."

मी म्हटलं, लिहून देते. "नाई. तोंडानं बोला. चार मानसाईत."

रविवारी आम्ही एस.टी.नं गेलो. आर्वी मागे पडेपर्यंत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आणि दरवेळी ते इंग्रजीतच जुळत होतं. गिरजाबाईच्या ओसरीवर शेजारचे दोन-तीन जण बसले होते, दिवाकर तूर पाखडत होता. मी उभ्यानंच बोलले. दिवाकरनं सूप खाली ठेवलं नाही, पण पाखडणं थांबवलं. गिरजाबाई म्हातारी झाली होती, जीभ तशीच. ती म्हणाली, तोंडी बोलाले कोनाचं काय जाते. हिनं तुमाले चहा पाजला आसन. आत गेली आणि तो जुना कागद घेऊन आली, प्लास्टिकसकट. "हे पाहा. सही हाये. सिक्का हाये. तुमी कागद आना, मंग बोला."

माझ्या आयुष्यभराच्या कामाला इतकी पक्की पावती कुणी दिली नव्हती.

सोमवारी मी मशीनवर बसले. कपाटामागे सापडलेल्या फिल्मचा खरा अहवाल जुन्या गठ्ठ्यांबरोबर रद्दीत गेला होता, डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते. मी मराठी मशीन मागून घेतलं. दिवाकरच्या फिल्ममध्ये क्षयाचा डाग लग्नाआधीच होता, चुकीचा कागद मी दिला, कळल्यावरही मी गप्प राहिले, आणि कांताच्या छातीत कधीही दोष नव्हता, एवढंच टाइप केलं. सगळी मिळून चार ओळी झाल्या. डावीकडच्या कोपऱ्यात बारकी अक्षरं घालायला बोटं आपोआप गेली, ती मी मागे घेतली. जिथे डॉक्टर सही करतात तिथे सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, हे विशेष. चष्मा काढून म्हणाले, "पाहू." अजून पाहताहेत. मी अजून नोकरीत आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा ओसरी. शेजारच्या गुरुजींनी कागद मोठ्यानं वाचला, दोनदा, कारण पहिल्यांदा गिरजाबाईनं मधे मधे बोलून वाचू दिलं नाही. वाचून झाल्यावर तिनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. तिला वाचता येत नव्हतं, पण सही कुठे असते ते येत होतं.

"ह्याच्यावर डाक्टरची सही नाई."

त्यावर कांता पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही.

"खोट्यावर होती, आत्याबाई."

दिवाकर उठून घरात गेला, बहुधा लाजेनं, पण तो नेहमीच उठून जात असे, त्यामुळे खात्री देता येत नाही. गिरजाबाई कागदाची घडी घालत राहिली. मोठी, मग लहान, मग आणखी लहान. मग ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात ताट होतं आणि ताटात कपबशा, सगळ्या एकाच जातीच्या, निळ्या फुलांच्या, फडताळात पाहुण्यांसाठी ठेवतात तशा. गुरुजींना एक, शेजाऱ्यांना, मला आणि कांताला. माफी वगैरे तिनं मागितली नाही. ती मागणारी बाई नव्हती, आणि मागितली असती तर मला अवघड गेलं असतं, कारण मग मलाही मागावी लागली असती, मोठ्यानं.

कांतानं चहा बशीत ओतून सावकाश, फुंकून फुंकून प्यायला. तिला तिथे परत नांदायचं नव्हतं, हे तिनं येतानाच गाडीत सांगितलं होतं.

माझा चहा संपला तशी मी सवयीनं कप विसळायला अंगणातल्या रांजणाकडे उठले. आमच्या घरच्यांना कुणाच्याही ओसरीवर ती सवय असते, नोकरी लागली म्हणून सुटत नाही. कांतानं माझा पदर धरून मला खाली बसवलं. आपली उष्टी कपबशी तिनं ताटाच्या मधोमध ठेवली, माझी तिच्यावर ठेवली.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "आत्याबाई धुतीन."